पिवळ्या डोळ्याचा पोपट

ती वही आता नाही. पण दुपारी जरा डोळा लागला की तिची पानं आपोआप उलटायला लागतात. "पिवळं लुगडं, मोठी नथ, कोरीट." "हातावर विंचू गोंदलेला, केळीचा मळा, तीन गायी." "हसताना तोंडावर पदर घेते, बस थांबते तिथून डावीकडे." माल हवा म्हणून सांगून गेलेल्या चौदा बायका होत्या त्या वहीत, आणि चौदांपैकी एकीचंही नाव नव्हतं.

नावं मी विचारली नव्हती असं नाही. मी सातवी पास झालेली, अक्षर चांगलं, आणि राग तर नाकावर ठेवलेला. समोर आलेल्या प्रत्येकीला मी शाळेच्या मराठीत विचारत होते, "यजमानांचं नाव सांगा." त्यावर एकजात सगळ्या लाजायच्या. "अगं माय, मी कशी लेऊ त्यास्नं नाव!" मग म्हटलं, बरं, तुमचं स्वतःचं सांगा. त्यावर एक म्हातारी तोंड उघडून हसलीच. "मन्हं नाव? ते तं गावमा कोनलेच माहित नही!" म्हणून मी निशाण्या लिहून घेतल्या आणि फार हुशारी केली असं समजून पेन्सिल कानामागे खोचली.

हे शहाद्याला, शाळेच्या पटांगणात, गृहोद्योगाच्या प्रदर्शनात. साठ सालच्या मागंपुढं. संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळी तापीवरून धुकं यायचं आणि कापडी मांडवांच्या दोऱ्यांवर दव धरायचं. ऊन वर आलं की आमच्या मांडवातले मणी पेटायचे. काचेचे बारीक मणी, मोहरीएवढे, लाल, हिरवे, पांढरे, निळे. वारा आला की तोरणांचे लोंबते गोंडे एकमेकांवर घासून एक आवाज करायचे, अगदी बारीक, तांदूळ सुपात हलवावे तसा. तो आवाज मला अजून कधीकधी ऐकू येतो. घरातले म्हणतात, कान वाजतात तुझे. वाजू देत.

ते काम माझ्या फुईचं होतं. फुई म्हणजे वडिलांची बहीण. आम्ही गुजर, आमच्यात आत्याला फुई म्हणतात. आमच्या बायका मण्यांची चुंबळ करायच्या, रुखवताच्या नारळाला मण्यांची झूल करायच्या, पण तोरण सगळ्यात मोठं काम. आणि त्याला एक रीत होती. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की तिच्या दारावर जे तोरण लागतं ते तिच्या आईच्या हातचं असतं. दुसरं कुणी केलेलं चालत नाही असं नाही, पण मग बायका विचारतात, आईनं का नाही केलं?

फुईला एक मुलगी होती. ती 'तिकडे' होती.

'तिकडे' म्हणजे फुईचं सासर. त्या गावाचं नाव आमच्या घरात निघत नसे, मला ते ठाऊकही नव्हतं. फुईच्या नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा फुई उठून माहेरी आली. त्यांनी तिला येऊ दिलं, पण दोन वर्षांची पोर ठेवून घेतली. पोर आमच्या घराची, म्हणाले. माझ्या वडिलांचं डोकं असं फिरलं की त्यांनी सगळ्या घराला शपथ घातली: त्या दिशेला पाऊल टाकायचं नाही, निरोप धाडायचा नाही, आणायचा नाही. तेव्हा मी चार वर्षांची होते. त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली होती. म्हणजे ती पोर आता पंधराची, लग्नाला आलेली. फुईनं एकदाच मला हे उघड बोलून दाखवलं, मण्यांची सुई ओठात धरून, जणू डाळीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात. "मन्हा हातनं तोरण तिन्हा दारले लागाले पाहिजे. बस. मंग मी मरी गऊ तरी चाले."

प्रदर्शनात माल मांडायची कल्पना गावात येणाऱ्या ग्रामसेविकेची, पण फुई तयार झाली ती याचसाठी. प्रदर्शनाला चारी बाजूंनी बायका येणार. तिकडच्याही कुणी येतील. शपथ होती निरोपाची. मांडवात टांगलेलं तोरण म्हणजे काही निरोप नव्हे! ती स्वतः आली नाही. नवरा सोडून आलेल्या बाईच्या हातची शुभकार्याची वस्तू कोण घेईल, म्हणून मला बसवलं. निघताना एक तोरण वेगळं दिलं. पाच पोपट असलेलं. म्हणाली, हे टांग, पण विकू नको. कुणी विचारलं तर मला येऊन सांग.

आता त्या तोरणात एक चूक होती. पाच पोपट, चौघांचे डोळे लाल आणि शेवटच्याचा पिवळा. मला पहिल्या दिवशीच ती दिसली आणि मी चडफडले. एवढी सुबक बाई, आणि टांगायला नेमकं फसलेलं काम द्यावं!

शेजारच्या मांडवात सातपुड्यातल्या मोलगीकडून आलेला एक बांबूवाला होता. टोपल्या, कणग्या, पावे. मला कळेल इतपत आमची बोली तो बोलायचा, घरी पावरी. त्याच्याकडेही लोक सांगून जायचे, एवढी टोपली हवी, तेवढं सूप हवं. तो एका सुतळीला गाठ मारायचा. लहान गाठ, मोठी गाठ, दुहेरी गाठ. मी माझी वही दाखवून त्याला म्हटलं, गाठीवरून गिऱ्हाईक कसं सापडेल? त्यानं माझ्या वहीकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला लिहावं लागतं?" अस्सा राग आला मला!

तिसऱ्या दिवशी, दुपार कलताना, एक बाई त्या पोपटांपुढे येऊन उभी राहिली. चाळिशीच्या अलीकडची, काळसर, कपाळ मोठं. बाकीच्या बायका हात लावायच्या, उलटंसुलटं करायच्या, हिनं काहीच केलं नाही. नुसती उभी. मग एक बोट उचलून शेवटच्या पोपटाच्या डोळ्यावर ठेवलं.

"हाई कोनी करं?"

"मी," मी म्हटलं. तसंच सांगायचं ठरलं होतं.

"तुन्हं वय काय?"

"सतरा."

"मंग तू नही करं." आणि बोट तिथंच. "याना डोया पिवया शे."

झालं. माझं टाळकं सटकलं. तीन दिवस मी त्याच डोळ्याची लाज सांभाळत बसले होते. मी म्हटलं, चूक राहिलीय, आम्हाला दिसते, हे विकायला नाहीच आहे. नवं पाहिजे तर सांगा, पाचही डोळे लाल करून देऊ.

"नही, नही. माले हाईच पाहिजे. डोया असाच ऱ्हाऊ दे." ती बाई घाईघाईनं म्हणाली. "आंडेरनं लगीन शे, आखाजीले. तू घरमा इचारी ये."

आंडेर म्हणजे मुलगी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मी वहीत लिहिलं: नदीपलीकडे. नावेतून उतरल्यावर दोन चिंचा. सरळ आत. दाराला तोरण असेल ते घर. तोरणाची निशाणी तिनं स्वतः सांगितली, दोनदा सांगितली. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. जाताना तिनं वळून पुन्हा एकदा त्या पोपटाकडे बघितलं, मांडवाच्या दारात, पाठीवर ऊन घेऊन. एवढंच चित्र माझ्याकडे आहे. तिचा चेहरा मला पुढं दिसला, पण आठवतं ते हेच.

घरी आल्यावर फुईनं पाय धुवायलाही वेळ दिला नाही. "पोपटवालं कोनी इचारं का व?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? आज साठ वर्षांनीसुद्धा मी स्वतःला हे विचारते. मला वाटलं, चूक एका परक्या बाईनं बोट ठेवून दाखवली हे ऐकून फुईला वाईट वाटेल. एवढंच. खरं सांगायचं तर एवढंच नव्हे, मी त्या बाईवर खेकसले होते, तेही सांगावं लागलं असतं. बाकी तेरा जणींचं मी रंगवून रंगवून सांगितलं. चौदावीला वहीच्या शेवटच्या पानावर ठेवलं. तिचं पाहू नंतर, म्हटलं. माझ्या त्या शहाणपणाला आग लागो.

मग त्या तेरा जणींना गाठून काम पक्कं करायला सुरू झालं माझं फिरणं. एकटी मुलगी कोण सोडणार? आमच्या गावची बांगडीवाली मावशी तिच्या फेरीवर निघायची, तिच्याबरोबर मला धाडलं. डोक्यावर बांगड्यांची पाटी, हातात काठी, आणि तोंड सतत चालू. आम्ही भल्या सकाळी निघायचो. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, त्यांच्या पानांवरून टपटप दव पडायचं, आणि वेचणीच्या शेवटाला आलेल्या कपाशीच्या शेतांतून पांढरे पुंजके उडत रस्त्यावर यायचे, आमच्या केसांत अडकायचे. चालता चालता मला झोप यायची. खरोखर. पाय चालायचे आणि मी कुठेतरी दुसरीकडेच असायचे, त्या तोरणांच्या आवाजात. मावशी मधेच म्हणायची, "ए, खड्डा शे!" आणि मी जागी व्हायचे.

आणि सापडलं काय? काही नाही! कोरीटला जाऊन मी पिवळं लुगडं आणि मोठी नथ शोधत हिंडले. अर्ध्या गावानं मला वेड्यात काढलं. अगं, प्रदर्शनाला जाताना बाई पेटीतलं चांगलं लुगडं काढते, घरी गेल्यावर परत पेटीत ठेवते. घरी तर सगळ्या सारख्याच. नथ मात्र सापडली. एका पाटलिणीच्या डबीत होती. ती म्हणाली, मी शहाद्याला गेलेच नव्हते, माझी नथ गेली होती. तीन जणींनी आळीपाळीनं घातली होती. त्यांतली पिवळ्या लुगड्यातली कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी कपाळावर हात मारला. मावशी ओट्यावर बसून पोट धरून हसली.

मग मावशीच कामाला आली. तिला बायका हातांवरून ठाऊक. कुणाचं मनगट हाडकुळं, कुणाच्या अंगठ्यापाशी बांगडी अडते, कुणी चढवताना ओरडतं. मी म्हणायचे, विंचू गोंदलेला, आणि ती म्हणायची, डावा हात ना, अगं ती रडकी, चल दाखवते. असं करत करत सहा सापडल्या. दोघींनी तोरणं सांगितली, एकीनं चुंबळ. बाकीच्यांनी पाणी दिलं, गूळशेंगदाणे दिले, झोक्यावर बसवून माहेरचं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, बघू पुढच्या साली. एकीला तर आपण काही सांगितलं होतं हेच आठवेना. पण मण्यांचा रंग आठवत होता. "तो निळा व्हता ना," म्हणाली, आणि शेंगा सोलत बसली. मीही बसले. त्यांच्या अंगणात शेवग्याची फुलं पडत होती. उठावंसंच वाटत नव्हतं.

शहाद्याच्या बसस्टँडवर एकदा तो बांबूवाला भेटला. हातात सुतळी, आणि तिच्यावर एकही गाठ नाही. जसजसा माल पोचवला तसतशी गाठ सोडली, म्हणाला. मी वही पदराखाली घेतली.

आणि रोज संध्याकाळी घरी आल्यावर फुई विचारायची. कधी शब्दानं, कधी नुसती मान वर करून. कामाच्या गोष्टी ती ऐकून घ्यायची, दोन तोरणं सांगितली म्हटल्यावर बरं म्हणाली, लगेच मणी निवडायला बसलीसुद्धा. पण ते ऐकायला ती थांबलेली नव्हती, हे मला दिसत होतं. दर वेळी "नाही" म्हणणं थोडं अवघड व्हायचं आणि म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणायचे. आता मध्येच कसं सांगायचं? होळी जवळ आली. फुईनं विचारणं बंद केलं. एका दुपारी पाहिलं तर ती पोपटांचं तोरण जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवत होती, अगदी सावकाश, एकेका पोपटाची चोच आत वळवून. मला बघून म्हणाली, धूळ बसते गं.

मी मावशीला गाठलं, म्हटलं, उद्या नदीपलीकडे जाऊ. मावशी म्हणाली, "नही बा." पलीकडच्या गावांना दुसरी बांगडीवाली होती. एकीच्या गावात दुसरीनं पाटी उतरवायची नाही, हा त्यांचा धर्म. पाटी न घेता सोबत ये म्हटलं तर म्हणाली, रिकाम्या हातानं गेले तरी ती म्हणेल, टेहळणीला आली. म्हणून ते राहूनच गेलं होतं, आणि अजून राहिलं. धुळवड गेली, रंग उतरले, मग एका सकाळी मी हट्टानं एकटीच नावेत बसले. मावशी आपल्या काठाला हात हलवत उभी राहिली.

तापी तेव्हा उन्हाळ्याकडे निघालेली, अंग चोरून वाहणारी. नावेत दोन शेळ्या, एक म्हातारा आणि मी. पाण्यावर ऊन इतकं होतं की पलीकडचा काठ दिसेना, नुसता पांढरा उजेड. नावाडी वल्हं मारायचं थांबला की सगळं स्तब्ध. मला वाटलं, हा काठ येऊच नये. असंच मधे राहावं. पण काठ आला, आणि दोन चिंचाही आल्या.

मी सरळ आत गेले. दाराला तोरण असलेलं घर शोधायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. आंब्याची सुकलेली पानं होती, एका दाराला मिरच्यालिंबू होतं, मण्यांचं तोरण कुठंच नाही. पुन्हा तीच नथेची गत. बायका दारांतून बघायला लागल्या. मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो. परत फिरावं म्हणून वळले, तर डाव्या हाताला एक दार दिसलं. मोठं, सागाचं, तेल पिऊन काळं झालेलं. त्याच्या चौकटीवर दोन खिळे होते. आणि खिळ्यांच्या खाली लाकूड काळं नव्हतं. वर्षानुवर्षं काहीतरी टांगलेलं असावं, तेवढीच पट्टी उजळ होती. पट्टीच्या खालच्या कडेला पाच बाक. पाच पोपटांची पोटं.

मला सगळं कळलं. उभ्या उभ्या कळलं. 'तिकडे' ते हेच.

ती बाई आतून आली. माझ्याकडे बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "भलता उशीर करा व माय तू."

तिनं हाताला धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग तिनं सांगितलं, हळू आवाजात, आतल्या दाराकडे एक डोळा ठेवून. मुलाकडच्यांना घाई झाली. त्यांचा म्हातारा आजारी पडला, त्याच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून आखाजीचं लग्न होळीआधीच उरकलं. पोर सुरतेकडे गेली. "लगीन व्हई गयं."

तेरा वर्षं ती बाई त्या तोरणाखालून ये-जा करत होती. सवतीच्या हातचं, पण काढून टाकावंसं तिला वाटलं नाही. शेवटच्या पोपटाचा पिवळा डोळा ती रोज बघायची. शहाद्याच्या मांडवात तो दिसला तेव्हा हात कुणाचा हे तिला सांगावं लागलं नाही. नाव ती कसं घेणार होती? सवतीचं, आणि माझ्यासारख्या फणकाऱ्याच्या पोरीजवळ? म्हणून तिनं दाराची निशाणी दिली. ही पोरगी घरी जाऊन सांगेल, आणि ज्या बाईला समजायचं तिला समजेल, एवढा साधा हिशोब. मी घरी जाऊन सांगितलंच नाही.

"मन्हा हातले मनी येत नही," ती म्हणाली. "वाट दखी दखी मंग मी हाई उतारी दिन्हं." आणि तिनं वर दोन खिळ्यांकडे बोट केलं. वऱ्हाड निघायच्या दिवशी, सगळे जेवत असताना, तिनं स्टुलावर चढून दाराचं जुनं तोरण काढलं, धुतलं, कोरडं केलं आणि पोरीच्या पेटीत घातलं. पोरीला सांगितलं, हे तुझ्या आईच्या हातचं. पोरगी म्हणाली, मला ठाऊक आहे.

मी तिथं ओट्यावर बसून हमसून हमसून रडले. त्या बाईनं माझी पाठ चोळली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती कशी शे?" मी म्हटलं, बरी आहे. मग ती दाराकडे बघत म्हणाली, "आते हाई दार उघडं दिसस. तिले सांग. ते पोपटवालं आमले दी म्हना."

परतताना नदी मला आठवत नाही.

फुई ओसरीवर बसली होती, मांडीवर ताट, ताटात मणी. मी समोर बसले आणि पहिल्या दिवसापासून सांगितलं. बोट, पिवळा डोळा, माझं खेकसणं, माझं नाही म्हणणं. लग्न झालं म्हटल्यावर तिनं हात उचलून माझ्या गालावर एक चापट मारली. त्याआधी तिनं मला कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. ताटातले मणी उडाले आणि ओसरीभर झाले. मी गाल धरून पुढचं सांगितलं. जुनं तोरण काढलं, धुतलं, पेटीत घातलं. पोरगी काय म्हणाली ते.

संध्याकाळचं ऊन फुईच्या पायांपाशी आलं, मग गेलं. आई दिवा लावायला आली, आम्हाला बघून तशीच परत फिरली. खूप वेळानं फुईनं विचारलं तेही काय, तर, त्याचा दोरा जुना आहे, सुरतेपर्यंत टिकला असेल ना? मी म्हटलं, टिकला असेल. मग ती खाली वाकून मणी वेचायला लागली, मीही वेचायला लागले. वेचता वेचता बोलली, माझ्याकडे न बघता. ते जुनं तोरण ती तिकडच्या दारासाठी करत होती तेव्हा पोर रांगत मांडीपाशी यायची. लाल मणी ताटात ढीगभर होते. शेवटच्या पोपटाच्या डोळ्याशी आली आणि पोरीनं मुठीतून एक मणी काढून तिच्या तळहातावर ठेवला, पिवळा. "तो मनी तिनी दिन्हा व्हता. मी ववा." म्हणून नव्या तोरणातही तिनं पिवळाच घातला होता, कुणीतरी ओळखावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटीतून पोपटांचं तोरण काढलं. वडील ओसरीवर दातण करत होते. त्यांनी विचारलं, कुठं निघालं हे? फुई म्हणाली, "तिकडे." वडिलांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चूळ भरायला अंगणात गेले. फुईनं सुई घेतली, शेवटच्या पोपटाची वीण सोडवली, पिवळा मणी बाहेर काढला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. त्या जागी लाल मणी ओवला. मी म्हटलं, फुई, राहू दे ना तसाच. तिनं दोरा दातानं तोडला.

"आते त्यानं तठे काय काम? ती तं गई. जा, देई ये. उघडं दार बरं नही दिसत."

मी पुन्हा नावेत बसले. त्या बाईनं स्टूल आणलं, मी चढले, दोन खिळ्यांना दोन टोकं अडकवली. उजळ पट्टी झाकली गेली, पाच बाकांवर पाच पोपट बसले. ती खाली उभी राहून बघत होती. मग तिनं टाचा उचलल्या, हात वर केला आणि बोट शेवटच्या पोपटाच्या डोळ्यावर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"बरं करं तिनी," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावत आत गेली.